न काढलेले दात

जगात दोन प्रकारची मोठी माणसं असतात. काही माणसं काहीतरी घडवतात, आणि काही माणसं काहीतरी घडू देत नाहीत. पहिल्या प्रकारच्यांची चरित्रं निघतात, चौकात पुतळे उभे राहतात. दुसऱ्यांच्या वाट्याला फक्त काळाची मूक कृतज्ञता येते.

हे वाक्य मी बऱ्याच मेहनतीनं जुळवलं आणि त्यावर खूशही होतो. मग आठवलं, असंच काहीतरी मी एकदा मेश्रामबाईंना तोंडावर म्हटलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना त्या नेहमीप्रमाणे माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "बाबू, वरच्या डाव्या बाजूला तुमचा ब्रश पोचत नाही."

नागपुरात, धंतोलीत, आमच्या ट्रस्टचा दवाखाना होता. त्याच्या दंतविभागात मी नोंदणीच्या खिडकीत बसायचो. विभाग म्हणजे दोन खुर्च्या, एक बेसिन आणि डॉक्टर पाठक. पाठक सर दात काढण्यात नावाजलेले होते. यवतमाळ, चंद्रपूर, पार बालाघाटहून माणसं दात काढायला त्यांच्याकडे यायची आणि समाधानानं गाल धरून परत जायची. सरांच्या खोलीत काचेच्या कपाटात बरण्या होत्या, काढलेल्या दातांच्या. एक भरली की दुसरी. पाहुणे आले की सर त्यांना बरण्या दाखवत, निवृत्त पहिलवान ढाली दाखवतो तशा. मेश्रामबाई आल्या तेव्हा तिसरी बरणी अर्धी झाली होती.

त्या का आल्या याचं उत्तर साधं होतं. कोणा दात्यानं आईच्या स्मरणार्थ दुसरी खुर्ची दिली होती आणि खुर्चीमागे कोणीतरी उभं असणं भाग होतं. दुसरा डॉक्टर ट्रस्टला परवडत नव्हता. हायजिनिस्ट स्वस्त पडत होती. पण हायजिनिस्ट म्हणजे काय, हे ट्रस्टमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी सचिवांना समजावून सांगितलं: दातांवरचं कीटण काढायचं, दात साफ करायचे, हिरड्यांची काळजी घ्यायची, माणसांना आणि विशेषतः मुलांना घासायला शिकवायचं. दात काढायचा नाही, पोखरायचा नाही, भरायचा नाही. ती वेळ येऊ नये म्हणून आधीच काम करायचं.

"म्हणजे रोग व्हायच्या आधी?" सचिव म्हणाले.

"हो."

"रोग व्हायच्या आधी माणूस दवाखान्यात कशाला येईल?"

हा प्रश्न वाटतो तितका मूर्ख नव्हता. बाईंची पुढची सगळी नोकरी त्याचं उत्तर देण्यात गेली.

त्यांना एक दिवस कमी वर्षाची तात्पुरती ऑर्डर मिळाली. ती संपत आली की मार्चात समितीची सभा व्हायची, आणि सभेला वाटलं तर एक दिवसाचा खंड देऊन पुन्हा तेवढीच. नाही वाटलं तर नाही. घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. नवरा लवकर गेला होता. म्हणजे दर मार्चात त्या सभेत चौघीजणींच्या जेवणाचा विषय असायचा, कार्यक्रमपत्रिकेत तो 'इतर विषय' या सदरात यायचा.

नवरा गेल्यावर बाई मुलींना आईकडे ठेवून दक्षिणेतल्या एका दंत महाविद्यालयात दोन वर्षं शिकून आल्या होत्या. भाषा येत नव्हती, भात आवडत नव्हता, वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच. हाच अभ्यासक्रम का निवडला, असं मी एकदा विचारलं. कुठल्या तरी सेवाव्रताची गोष्ट ऐकायला मिळेल अशी अपेक्षा होती. बाई म्हणाल्या, "बाकी सगळ्या अर्जांची मुदत संपली होती."

पण शिकल्या ते मन लावून. तिथल्या मास्तरीणबाईंनी त्यांना पहिले दोन महिने माणसाच्या तोंडाजवळ जाऊ दिलं नव्हतं. आधी अंडी. कच्च्या अंड्यावर नखांना लावायचा रंग थापायचा, वाळू द्यायचा, आणि कीटण काढायच्या बारीक आकड्यानं तो खरवडून काढायचा. अंडं फुटता कामा नये, टवका निघता कामा नये. कवच म्हणजे दात आणि आत आहे ते माणूस, असं समजायचं. बाईंनी पहिल्या आठवड्यात सतरा माणसं मारली, असं त्या स्वतःच सांगत.

हा सराव त्यांनी नागपुरातही सोडला नाही. दर शनिवारी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, त्या पिशवीतून तीन अंडी काढून दुसऱ्या खुर्चीजवळच्या ट्रेमध्ये मांडायच्या. "हात विसरतात," म्हणायच्या. डोकं लक्षात ठेवतं याची त्यांना खात्री होती, हातांची नव्हती. आधी आकड्यांना तेलाच्या दगडावर धार लावायच्या आणि ती धार अंगठ्याच्या नखावर तपासायच्या. नखावरून आकडा घसरला तर धार नाही, रुतला तर आहे. मग अर्धा तास खोलीत फक्त खर्र खर्र आवाज. साफ झालेली अंडी पाठक सर घरी न्यायचे. सरांच्या घरी अंडं चालत नव्हतं, त्यामुळे ती नेमकी कुठे जायची हा प्रश्न आम्ही कोणी विचारला नाही.

रुग्णांना बाई समजायला वेळ लागला. पांढरा कोट, हातात आरसा, म्हणजे डॉक्टर. "मी डॉक्टर नाही," हे वाक्य त्या दिवसातून वीसदा तरी म्हणत, आणि जितक्यांदा म्हणत तितक्यांदा समोरच्याला वाटे, ही विनयानं बोलते आहे. विनय त्यांच्यात नव्हता. त्यांना चुकीची नोंद चालत नसे, एवढंच.

एकदा कळमन्याच्या बाजारात संत्री टाकून एक काकाजी आले. धोतर, गांधी टोपी, गाल धरलेला. पाठक सरांकडे गर्दी होती म्हणून मी त्यांना दुसऱ्या खुर्चीवर पाठवलं.

"बाई, उपटून टाक. हा पाह्य, हालून राहिला."

बाईंनी पाहिलं. "दात बरा आहे काकाजी. हिरडी सुजून राहिली. कीटण काढतो, मंग आठ दिवसांनी या."

"काहून? आज नाही उपटत?"

"मी उपटत नाही."

"मंग डाक्टर कायची तू?"

"मी डॉक्टर नाही."

"मंग माह्या तोंडात हात कायले घालून राहिली वं?"

बाई जराही रागावल्या नाहीत. "काकाजी, वावरात तण झालं तं तुम्ही निंदता का पऱ्हाटी उपटून टाकता?"

"निंदतो ना."

"मंग उघडा तोंड."

काकाजींनी उघडलं. पाऊण तासानं त्यांनी चूळ भरली, दातांवरून जीभ फिरवली आणि ओरडले, "अवं, खिंडारं पाडली तुनं! मधातली जागा खाली झाली!"

"जागा तुमचीच आहे. कीटणानं दाबून ठेवली होती."

शेतीच्या माणसाला हे लगेच पटलं. आठ दिवसांनी ते आले ते संत्र्यांची पिशवी घेऊनच. तो दात बरणीत गेला नाही, त्यांच्याबरोबर गावी परत गेला.

तोंड उघडणं ही तशी खासगी गोष्ट आहे. माणूस घर दाखवतो, पगार सांगतो, पण तोंडात दुसऱ्याचा हात जाऊ देताना त्याला एकदम पुष्कळ गोष्टी आठवतात. जवळच राहणारे एक निवृत्त अधिकारी यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसता बसता त्यांनी सहज वाटेल अशा आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?"

"अजून म्हणाले नाही," बाई म्हणाल्या. "तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. बाईंनी आरसा आत घातला, जीभ बाजूला केली, आकडा दाढेमागे लावला आणि मग सांगितलं, "मेश्राम. छप्पन साली दीक्षा घेतली आम्ही. जरा डावीकडे वळा."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. त्या अवस्थेत दुसरा पर्यायही नव्हता. वीस मिनिटं बाईंनी त्यांच्या दाढा साफ केल्या, जितक्या काळजीनं अंडी करत तितक्याच काळजीनं. शेवटी साहेबांनी चूळ भरली. मग म्हणाले, "पुन्हा कधी यायचं?"

"सहा महिन्यांनी."

ते आले, आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिले. खिडकीत मला फक्त विचारत, "त्या बाई आहेत ना आज?" मी एकदा बाईंना विचारलं, त्या दिवशी राग नाही आला? त्या म्हणाल्या, "खालच्या दाढांमागं काय कीटण होतं बाबू! रागाला वेळ कुठे होता?"

अडचण वेगळीच होती. दवाखान्याचा वार्षिक अहवाल मी तयार करायचो. दंतविभागाच्या तक्त्यात रकाने चार: नवे रुग्ण, काढलेले दात, भरलेले दात, बसवलेल्या कवळ्या. पाठक सरांचे आकडे दिमाखानं बसायचे. बाईंचं काम कुठेच बसत नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, "तुमच्या रकान्याला नाव काय देऊ?"

त्यांनी विचार केला. "न काढलेले दात."

मी हसलो.

"हसू नका. कसे मोजायचे ते सांगा."

ते मला सांगता आलं नाही, आणि मी गणित घेऊन पदवीधर झालो होतो. म्हणून दर मार्चात सचिव तक्त्यावर बोट ठेवून विचारत, "या बाई करतात काय?" आणि दर मार्चात पाठक सर पुटपुटत, "करतात, करतात. राहू द्या." सरांचं हे पुटपुटणं हाच बाईंच्या नोकरीचा एकमेव आधार होता. असं सहा वर्षं चाललं. सातव्या मार्चाच्या आधी सचिवांनी स्पष्ट सांगितलं, या खेपेला काहीतरी डोळ्यांना दिसेल असं दाखवा, नाहीतर ऑर्डर निघणार नाही.

बाईंजवळ दाखवण्यासारखं एक होतं. हिंगण्याच्या रस्त्यावर एक प्राथमिक शाळा होती. दर बुधवारी बाई पत्र्याची पेटी घेऊन बसनं तिथे जायच्या. एक वर्ग त्यांनी पहिलीपासून धरला होता आणि तो आता सहावीत आला होता. या पोरांना त्यांनी घासायला शिकवलं होतं. ज्यांच्याकडे ब्रश नव्हता त्यांना कडुलिंबाच्या काडीची मऊ कुंचली करायला. राखुंडी आणि कोळसा बंद. गुडाखूची, म्हणजे दातांना लावायच्या तंबाखूची, डबी कुणा पोराच्या दप्तरात सापडली तर त्याच्या आईला बोलावणं. सहा वर्षांत त्या वर्गातल्या एकाही पोराची पक्की दाढ काढावी लागली नव्हती. बाईंनी ठरवलं, समितीनं शाळेत यावं आणि स्वतः बघावं.

दाखवायचं साधन म्हणजे लाल गोळ्या. दातांवर घासायचा राहिलेला थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ही गोळी चघळली की तो लाल होतो. जिथे स्वच्छ तिथे रंग टिकत नाही, जिथे मळ तिथे बसतो. मुलं चघळतील, तोंड उघडतील, समिती बघेल. सरळ योजना होती. तिच्यात फक्त आमच्या अध्यक्षांचा विचार केलेला नव्हता.

अध्यक्ष भाऊसाहेब मोठे वकील होते आणि त्याहून मोठे अध्यक्ष होते. शहरात कुठेही फीत दिसली की ती कापायला तेच असत. "दोन शब्द" म्हणून उभे राहिले की पाऊण तास. अशा माणसाला सवयीनं एक गोष्ट कळते: समारंभात तबक आलं की पहिला हात आपला. तबकात हार असेल, पेढे असतील, कात्री असेल, ते बघायचं नसतं.

मुलांसाठी गोळ्यांचं तबक घेऊन एक मुलगी वर्गाकडे निघाली. वाट व्यासपीठावरून होती. भाऊसाहेबांनी पाठक सरांशी बोलता बोलता हात पुढे केला, एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली. अध्यक्षांनी घेतल्यावर न घेणं बरं दिसलं नसतं म्हणून उपाध्यक्षांनी घेतली, दोघा सदस्यांनी घेतली. सचिवांनी दोन घेतल्या. त्यांना त्या लिमलेटच्या वाटल्या. मुलगी बिचारी काय बोलणार! बाई दूर वर्गाच्या रांगा लावत होत्या. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा भाऊसाहेब माइकपुढे उभे होते.

विषय होता, 'मौखिक स्वच्छता: राष्ट्राचा पाया'. पहिल्या वाक्यालाच पुढच्या रांगेतली पोरं हसली. भाऊसाहेबांना वाटलं, भाषण रंगतंय. त्यांनी ते दहा मिनिटं वाढवलं. ओठ उघडले की तोंडात जास्वंद फुलल्यासारखं दिसत होतं. शेवटी सहावीतली एक पोरगी उभी राहून ओरडली, "सर, तुमचं तं पुरंच लाल झालं!"

बाईंनी मग उशीर केला नाही. माइक हातात घेऊन, आवाज न चढवता, गोळी म्हणजे काय ते सांगितलं. पेटीतून पाच नवे ब्रश काढले आणि पाण्याच्या पिंपाजवळ समितीला उभं केलं. सहावीचा वर्ग गोल करून बघायला लागला. पोरांनीही गोळ्या चघळल्या होत्या; त्यांच्या दातांवर कुठे कुठे गुलाबी ठिपका होता. समितीचं तोंड म्हणजे होळी होती. इतका स्पष्ट फरक आयुष्यात कुठल्याही तक्त्यात दाखवता आला नसता. पोरं तर गुरुजी झाली होती.

"आडवं नोका घासू सर! हिरडीकडून खाली!"

"मागच्या बाजूनं राह्यलं ना तुमचं!"

सचिव घासता घासता म्हणाले, "कळलं, कळलं." फेस असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

सगळ्यांचं निघालं. भाऊसाहेबांचे खालचे पुढचे चार दात तेवढे लालच राहिले. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ब्रशनं जाणार नाही. हा रंग कीटणावर बसला आहे. सोमवारी दुपारी या."

"गुरुवारच्या सभेत बघू आपण, बाई," भाऊसाहेब म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ व्यासपीठावरच्या खुर्च्यांनाही कळला असेल.

रविवारी वर्तमानपत्रात फोटो आला. त्या काळी छपाई काळी-पांढरी. लाल रंग काळा उतरतो. 'मौखिक आरोग्याचा संदेश देताना' अशी ओळ होती आणि वर भाऊसाहेबांचं हसू, दातांच्या जागी अंधार. सोमवारी दुपारी दीडला, गर्दी नसताना, ते गॉगल लावून दंतविभागात आले. गॉगलनं दात कसे झाकले जाणार होते, हे मला आजही कळलेलं नाही.

पाठक सरांनी त्यांचं तोंड तपासलं आणि बाईंना बाजूला घेतलं. मी खिडकीतच होतो. ऐकू येत होतं.

"बाई, वरवरचा रंग काढा आणि सोडून द्या. पुढच्या चारांना हात लावू नका. कीटणावरच उभे आहेत ते. एखादा हातात आला तर गुरुवारी तुमचं काही खरं नाही."

"सोडले तर चारही जातील, सर."

"जातील. दोन वर्षांनी जातील. आपण बघू तेव्हा."

"त्यांना सांगून विचारते," बाई म्हणाल्या.

त्यांनी भाऊसाहेबांच्या हातात आरसा दिला. आत लहान आरसा धरून खालच्या दातांची मागची बाजू दाखवली. ती बहुधा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिथे दात दिसतच नव्हते; एक पिवळट भिंत होती, सुपारीनं रंगवलेली.

"ही काढली की दात हलतील असं लोक म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले.

"हलतातच. आताही हलताहेत, भिंतीनं धरून ठेवले आहेत. आणि तीच भिंत हिरडी खाते आहे. भिंत काढली तर एक दात बहुधा जाईल. तीन वाचतील."

"आणि नाही काढली तर?"

"चारही जातील. पण ते माझी ऑर्डर संपल्यावर."

भाऊसाहेबांनी आरसा खाली केला. वकिलाच्या आयुष्यात स्वतःविरुद्ध साक्ष देणारं माणूस क्वचित भेटतं. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काढा," ते म्हणाले.

सोमवारी अर्धं काम झालं, मंगळवारी अर्धं. मी मंगळवारी खिडकी बंद करून उगाच फायली लावत होतो. बाईंचा हात नेहमीसारखाच चालला होता, ना सावकाश ना घाईनं. तीनच्या सुमाराला खरवडण्याचा आवाज थांबला. डावीकडचा एक दात कीटणाच्या तुकड्यासकट बाईंच्या चिमटीत आला होता. पाठक सर बरणी असलेल्या कपाटापाशी होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी दात धुतला, कापसाच्या घडीवर ठेवला आणि भाऊसाहेबांच्या तळहातावर दिला.

"तुमचा आहे."

भाऊसाहेबांनी तो रुमालात बांधला. काही न बोलता गेले. त्यांना काही न बोलता जाताना मी प्रथमच पाहत होतो.

गुरुवारी सभा झाली. मी इतिवृत्त लिहायला आत होतो, बाई बाहेर बाकावर. दार जरा उघडं होतं. त्या मांडीवर तेलाचा दगड घेऊन आकड्यांना धार लावत होत्या. शनिवार नव्हता, पण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. सातव्या क्रमांकाला सचिवांनी विषय मांडला: दंतविभागातील तात्पुरती जागा, तक्त्यात कामाची नोंद नाही, शाळेतल्या कार्यक्रमात संस्थेची जी शोभा झाली ती सर्वांसमोर आहे, सबब मुदतवाढ देऊ नये. सदस्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. सगळे पाऊण तासाच्या तयारीनं सावरून बसले.

भाऊसाहेबांनी तोंडापुढे रुमाल धरला आणि म्हणाले, "कायम करा."

सचिवांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कायम?"

"कायम."

"कारण काय लिहू?"

भाऊसाहेब सवयीनं बोलायला उभे राहिले. तोंड उघडलं. पण पुढच्या फटीतून वारा शीळ घालत बाहेर आला. ते खाली बसले आणि म्हणाले, "लिहा, गरज आहे."

सभा अठरा मिनिटांत संपली. संस्थेच्या इतिहासात याआधी असं झालं नव्हतं. बाईंनी समाजाची केलेली ही सेवाही कुठल्या तक्त्यात आली नाही. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी आकडा नखावर तपासला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली. "बरं झालं," म्हणाल्या. मग "मुलींना सांगते," म्हणून रिक्षा करून घरी गेल्या. एरवी त्या बसनं जायच्या.

पुढची वर्षं सुखाची गेली, आणि सुखाच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं असतं. भाऊसाहेबांना पाठक सरांनी एक दात करून दिला. बाकीचे तिघे जागेवर राहिले आणि दर सहा महिन्यांनी बाईंकडे येत राहिले, त्यांच्या मागोमाग भाऊसाहेबही. भाषणं पुन्हा लांबली. चौथी बरणी काही भरता भरेना, तेव्हा सर त्यासाठी बाईंना जबाबदार धरू लागले. तक्रार करताना त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी मात्र दिसत नसे. बाहेरून शिकून आलेल्या दोन मुली बाईंच्या हाताखाली सरावाला आल्या. त्यांनाही पहिल्यांदा अंडीच मिळाली. त्यातली एक रडली, कारण तिच्या घरी अंडं शिवायचं नव्हतं. बाईंनी तिला चुन्याचा थर बसलेली पाण्याची काचेची बाटली आणून दिली. "ही फुटून हात कापला तर मात्र शिवायला मी येणार नाही," म्हणाल्या.

बाई निवृत्त झाल्या त्या मे महिन्यात. निरोप समारंभ कायम कर्मचाऱ्यांचाच होतो, तात्पुरत्यांची फक्त ऑर्डर संपते. म्हणून त्या दिवशी बाई नटून आल्या होत्या, मोरपंखी रंगाची साडी. दोन्ही मुली, त्यांचे नवरे, एक नातू. दवाखान्याच्या गच्चीवर मांडव, शाल, श्रीफळ, पेढ्यांचे खोके. भाऊसाहेब काठी टेकत आले होते. त्यांनी सांगितलं की बाईंनी हजारो चेहऱ्यांवर उषेचं हास्य फुलवलं, अंधाराला प्रकाशाचं आणि मृत्तिकेला सुवर्णाचं रूप दिलं. पंचेचाळीस मिनिटं झाली. बाई शेजारी बसून एकटक त्यांच्या खालच्या दातांकडे बघत होत्या, आणि ठीक आहे असं त्यांचं मत झालेलं दिसलं.

मग बाईंना बोलायला सांगितलं. त्या उठल्या, माइकपासून जरा लांब उभ्या राहिल्या.

"मला भाषण येत नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले आहेत. जिन्याजवळ नळ आहे. चूळ भरल्याशिवाय कोणी घरी जाऊ नका."

एवढं बोलून खाली बसल्या. टाळ्या थांबल्यावर भाऊसाहेब काठी घेऊन उठले, त्यांच्या मागे पाठक सर, मग जुने सचिव, मग आम्ही सगळे. जिन्यापर्यंत रांग लागली. पुढच्यानं तोटी फिरवली. नळ थोडा वेळ खाकरला.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आलं.